अँबॅसिडरचा डिस्ट्रिब्युटर: नुसता बसणारा की मूळचा?

निपाणीच्या माझ्या मेहुण्याकडे अँबॅसिडर मार्क टू आहे. वडिलांनी तंबाखूच्या व्यापारात असताना घेतलेली, मार्च १९६५ला नोंदलेली. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत, एवढी अट. नियमात डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला आपापल्या वेळी ठिणगी पोचवणाऱ्या भागाचं, नावही नाही. पण बोनेट उघडून बघितलं तर तिथं कुणीतरी कधीतरी जुळवून बसवलेला भलताच डिस्ट्रिब्युटर होता. बॉडीवर नंबर नाही, व्हॅक्युमचा डबा (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढं नेणारा) नाही, शाफ्ट इतका ढिला की त्यावर फिरणारा रोटर बोटानं डुलतो. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, वडिलांच्या वेळी होता तसाच पाहिजे.”

शोधाशोध करून महिन्याभरात तीन नग टेबलावर आले. तिघेही विकणारे एकच सांगत होते, की हा अँबॅसिडरचाच. अशी निवड करायची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी ही तुलना लिहितो आहे.

पहिला नग निपाणीतल्याच एका बंद गॅरेजच्या माळ्यावरून निघाला. ऑइल आणि धुळीचा थर घासून काढल्यावर पोटावर मॉडेलचं नाव २५डी४ दिसलं, त्याखाली ४१ ६४. सर्व्हिस नंबरातले शेवटचे दोन आकडे झिजून गेलेले. दुसरा बेळगावात खडेबाजाराच्या बाजूला मिळाला. हा ४५डी४, रिकंडिशन केलेला, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर नवे. तिसरा चोर्ला घाटानं गोव्याहून आला. हाही २५डी४, कॅप चकचकीत, ‘मेड इन इंग्लंड’ स्पष्ट, नंबर ४०८९७, खाली २३ ६५. “ओरिजिनल इंग्लंडचा हाय ओ, असा आता बघायलाबी मिळत नाही,” म्हणून भाव पहिल्याच्या तिप्पट.

तिन्ही या गाडीत बसतात, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं. त्याच घराण्याची इंजिनं इंग्लंडमध्ये मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा कितीतरी गाड्यांत होती. फायरिंग ऑर्डर सगळ्यांची १-३-४-२, रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरणारा, खाली मध्यापासून सरकवलेली जीभ असलेला डॉग, म्हणजे इंजिनाशी जोडणारा तुकडा. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर बसतो, गाडी सुरू होते आणि विकणाऱ्याचं म्हणणं खरं वाटतं. पण तो भाग कुठल्या गाडीसाठी बनला होता, हे त्यातून कळत नाही.

म्हणून आधी घराणं ओळखायचं. बी-सिरीजवर १९५० च्या दशकात लुकास या इंग्लिश कंपनीचा डीएम२ होता, १९६० नंतर २५डी४ आला, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ४५डी४. नावातला शेवटचा ४ म्हणजे चार सिलिंडर. डीएम२ आणि २५डी४ला व्हॅक्युमच्या डब्याशेजारी बोटानं फिरवायची दातेरी चकती असते. तिच्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडं पुढं-मागं करता येतं. ४५डी४ला ती नसते. ज्याला नंबर वाचता येत नाही त्यानं ही चकती बघितली तरी पुष्कळ काम होतं. २३डी४ नावाचाही एक प्रकार आहे, त्याला व्हॅक्युमचा डबाच नसतो. तो मिनी कूपर एस सारख्या गाड्यांचा. साध्या सेडानसाठी कुणी दाखवला तर हात लावू नये.

एवढ्यावरच आमचा दुसरा नग मूळपणाच्या शर्यतीतून बाहेर पडला. १९६५च्या गाडीवर ४५डी४ कारखान्यातून येणं शक्य नाही. तरी तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रोज गाडी चालवणाऱ्याला त्याच्यासारखा सोयीचा नग नाही, शाफ्ट घट्ट आहे, सामान मिळतं. फक्त त्याचं सेटिंग वेगळं, हे फिटरला सांगायला विसरू नका. पॉइंटचा गॅप दोन्हीकडे १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), पण पॉइंट उघडणाऱ्या कॅमचा आकार निराळा असल्यामुळे ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, २५डी४चा ६० अंशांच्या आसपास आणि ४५डी४चा ५१च्या आसपास धरतात. मीटर लावून ४५डी४चा ड्वेल जबरदस्तीनं ६०वर नेला तर गॅप फार बारीक होतो आणि पॉइंट लवकर जळतात. रोटरही एकमेकांचे चालत नाहीत.

आता राहिले दोन २५डी४. एक मळका, अर्धा नंबर गेलेला. दुसरा देखणा आणि पूर्ण नंबराचा.

लुकासच्या नगावर दोन गोष्टी ठोकलेल्या असतात: कुठल्या इंजिनासाठीचा ते सांगणारा सर्व्हिस नंबर आणि बनल्याची तारीख. जुन्या नगांवर तारीख महिना आणि वर्ष अशी, नंतरच्या नगांवर आठवडा आणि वर्ष अशी. ४१ ६४ म्हणजे १९६४चा एकेचाळिसावा आठवडा, ऑक्टोबर. २३ ६५ म्हणजे जून १९६५. मेहुण्याची गाडी मार्चमध्ये रस्त्यावर आली होती. जूनमध्ये बनलेला भाग मार्चच्या गाडीत कारखान्यातून कसा येईल? गाडी विकल्यानंतर कुणी बदलून घातला असेल तरच. भागाची तारीख गाडीच्या आधीची हवी, आणि अंतर काही आठवडे ते काही महिने असलं तर जुळणी नैसर्गिक वाटते. त्या काळात आपल्याकडे काही सुटे भाग बाहेरून येत, तेव्हा अंतर थोडं जास्त निघालं तरी मी बिचकणार नाही. उलटी तारीख मात्र चालायची नाही.

आणि ४०८९७ हा नंबर एमजीबीचा. १९६२पासूनच्या एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनासाठी लुकासनं दिलेला. इंजिनाचं घराणं बी-सिरीजच, म्हणून तो आपल्या गाडीत सहज बसतो. पण एमजीबी ही स्पोर्ट्स गाडी, कॉम्प्रेशन ८.८ ला १. अँबॅसिडरचं त्याहून कमी. प्रत्येक इंजिनाला वेग वाढेल तसा किती अंश आधी ठिणगी हवी, हे ठरवून लुकास आतल्या स्प्रिंगा, वजनं आणि कॅम बसवायचं. बाहेरचं भांडं एकच असलं तरी आतलं गणित प्रत्येक नंबराचं वेगळं.

ते गणित उघडून बघता येतं, आणि या कामातला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे असं माझं मत आहे. पॉइंटखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचलायची. खाली दोन वजनं, दोन स्प्रिंगा आणि कॅमचा पाय दिसतो. त्या पायावर अंशांचा आकडा ठोकलेला असतो. तो आकडा डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत असतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकवर तो दुप्पट धरायचा. कॅमवर १० असेल तर क्रँकवर २० अंश. व्हॅक्युमच्या डब्यावरही तीन आकडे असतात. समजा ५-१३-१० लिहिलंय, तर अर्थ असा की ५ इंच पाऱ्याच्या ओढीला डबा हलायला लागतो, १३ इंचाला पुरता ओढला जातो आणि तेवढ्यात डिस्ट्रिब्युटरचे १० अंश देतो. हे आकडे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या तांत्रिक माहितीच्या पानाशी ताडून बघायचे. आमच्या पहिल्या नगाचे दोन्ही आकडे मॅन्युअलशी जुळले. झिजलेल्या दोन आकड्यांची उणीव या जुळणीनं भरून काढली, असं मला वाटतं.

इथं एक सावधगिरी. रोटरखालचा छोटा स्क्रू काढला की कॅम निघतो, आणि एका २५डी४चा कॅम दुसऱ्यात सहज जातो. पन्नास-साठ वर्षांत किती मेस्त्र्यांचे हात लागले असतील! पोटावरचा नंबर भांड्याचा जन्म सांगतो, आतल्या सामानाचा नाही. घर एकाचं आणि संसार दुसऱ्याचा असे नग मी पुष्कळ बघितलेत. खालचा डॉगही पिनेनं बसवलेला असतो. पिनेच्या टोकावर हातोडीच्या ताज्या खुणा दिसल्या तर तो काढून घातला आहे असं समजावं. उलटा घातला असला तर रोटर नेमका विरुद्ध दिशेला तोंड करतो आणि टायमिंग लावताना दिवस जातो.

माझं स्वतःचं असंच झालं होतं, म्हणून इतकं पोटतिडकीनं सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही कॅप आणि डबा बघून एक नग घेतला. गाडी मस्त सुरू झाली. पण निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाटात चढाला लागली की इंजिन टकटकायला लागायचं. टायमिंग मागं घेतलं की टकटक थांबे, पण गाडीतला दम जाई. दोन महिने कार्बोरेटर, प्लग, पेट्रोल सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी पट्टी उचलली, तेव्हा कॅमवर दुसऱ्याच इंजिनाचा आकडा निघाला. ज्याच्याकडून घेतला त्यानंही बहुधा कॅपच बघितली असावी. कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर ही झिजणारी, बदलली जाणारी मंडळी. त्यांच्यावरून मूळ गाडी ठरवू नका. ‘मेड इन इंग्लंड’वरूनही नको.

ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बघायची असेल तर थोडं वेगळं. जुन्या लुकास कॉइलवर टर्मिनलला एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं: एक स्विचकडचं, एक पॉइंटकडचं. नंतरच्या कॉइलवर अधिक-उणे आलं. आपल्या गाडीच्या बॉडीला बॅटरीचं अधिक टोक जोडलंय की उणे, हे बॅटरीपाशी बघून मगच जोडणी करावी. प्रायमरीचा रोध मीटरवर ३ ओहमच्या आसपास आला तर साधी कॉइल, दीडच्या आसपास आला तर ती बॅलास्ट रेझिस्टरसह, म्हणजे करंट कमी करणाऱ्या रोधासह, वापरायची. बॅलास्टवाली कॉइल १२ व्होल्टवर सरळ जोडली तर तापते आणि पॉइंट खाते.

बेळगावच्या कॅम्प भागात आणि खेड्यापाड्यांत जीपवाले बरेच आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं. महायुद्धातल्या विलीज जीपवर ऑटोलाइटचा डिस्ट्रिब्युटर होता. त्यावर रिव्हेट मारलेली पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर आयजीसी-४७०५ सारखा नंबर. व्हॅक्युमचा डबा नाही, गॅप २० थाऊ, आणि मूळ गाडी ६ व्होल्टची. पट्टी शाबूत असेल तर ओळख एका नजरेत होते. पट्टी गेली असेल तर फार भाव देऊ नका. फियाट ११००ची मूळ वंशावळ मॅग्नेटी मरेलीची, तिला लुकासच्या या नंबरांचे नियम लागूच होत नाहीत.

तर कुणी काय घ्यावं?

गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, रॅलीला न्यायची असेल किंवा माझ्या मेहुण्यासारखी वडिलांची आठवण असेल, तर पहिला. नंबर अर्धा गेला असला तरी घराणं बरोबर, तारीख बरोबर, आतले आकडे बरोबर. त्याचा शाफ्ट थोडा ढिला होता, पण तो दुरुस्त होतो. जन्मतारीख मात्र दुरुस्त होत नाही. गाडी रोज बेळगाव-कोल्हापूर करणार असेल आणि मूळपणाशी देणंघेणं नसेल, तर डोळे झाकून दुसरा, फक्त ड्वेल त्याचा त्याच्या मापानं लावून. तिसरा अँबॅसिडरवाल्यानं घेऊच नये, कितीही देखणा असला तरी. तो एमजीबीवाल्यासाठी खरोखर मौल्यवान आहे, आणि त्याच्याकडेच जायला हवा. आम्ही तो परत करताना विकणाऱ्याला नंबराचा अर्थ सांगितला. “असं काय ओ! मग एमजीवालाच बघतो की,” म्हणाला, आणि तिथल्या तिथं फोन लावला.

पहिल्या नगाच्या ढिल्या शाफ्टसाठी बेळगावात उद्यमबागच्या लेथवर नवा बुश करून घेतला. बुश सच्छिद्र ब्राँझचा. बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. बॉडी चकचकीत करायची मेहुण्याची इच्छा होती, पण ४१ ६४ घासलं जाईल म्हणून मी फक्त रॉकेल आणि मऊ ब्रशनं धुऊन दिली. झिजलेल्या दोन आकड्यांची जागाही तशीच ठेवली. रविवारी टायमिंग लावून तवंदी घाट चढलो, तेव्हा मेहुण्यानं काच खाली घेतली होती आणि वरपर्यंत कुणी काही बोललं नाही, इंजिन ऐकत होतो.