ताडोबाचं परमिट होतं, पण आमचं नव्हतं

ताडोबाला जायचं ठरवत असाल आणि कुणी फोनवर म्हणालं, "एका ग्रुपचं कॅन्सल झालंय, त्यांचं परमिट तुमच्या नावावर करून देतो," तर फोन तिथंच ठेवून द्या. सफारीचं परमिट माणसाच्या नावावर आणि ओळखपत्राच्या क्रमांकासकट निघतं, आणि गेटवर मूळ ओळखपत्राशी ताडून बघतात. एकाचं परमिट दुसऱ्याच्या नावावर करायची सोयच नाही. आमचे १९,००० रुपये गेले ते याच एका वाक्यावर.

आम्ही दोघं पुण्याचे. उन्हाळ्यात गाडी काढून ताडोबाला जायचं हे बरेच दिवस चाललं होतं. मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन जीव घेतं, पण पाणवठे आटलेले असतात, वाघ दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून नेमकी तेव्हाच झुंबड असते. त्यात मंगळवारी जंगल बंद, आणि १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभ्याचा भाग बंद. वन विभागाच्या साइटवर शनिवार-रविवारच्या कोअर सफारी महिनोन्‌महिने आधी संपलेल्या असतात. आम्ही पाहिलं तेव्हा आमच्या तारखांना सगळ्या गेटांपुढे शून्य दिसत होतं.

मग नवऱ्यानं गुगलवर शोधलं. वरच जाहिरात होती. नावात ताडोबा, वर वाघाचं चित्र, कोपऱ्यात सरकारी वाटेल असा गोल शिक्का, मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी गेटांची यादी, आणि आमच्या तारखेला चक्क जागा! फॉर्म भरला. पैसे मागितले नाहीत, फक्त "आमचा प्रतिनिधी संपर्क करेल" असं आलं. पाच मिनिटांत फोन.

इथं एक सांगायला हवं. अशा सगळ्याच खासगी साइट चोरांच्या नसतात. पुष्कळ ट्रॅव्हल एजंट तुमच्यासाठी सरकारी साइटवरचाच फॉर्म भरतात आणि वर आपलं कमिशन लावतात. ते महाग पडतं, पण परमिट खरं येतं. लबाडी करणारे याच गर्दीत मिसळून बसलेत. दिसायला दोघं सारखेच.

फोनवरचा माणूस मराठीच होता, बोलणं अगदी नम्र. सगळं माहीत होतं त्याला. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, सोबत गाइड बंधनकारक, आत मोबाइल नेता येत नाही, मूळ आधार कार्ड विसरू नका, फिकट रंगाचे कपडे घाला. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आता वाटतं, खोट्या माणसाजवळ खरी माहिती भरपूर असते, कारण ती फुकट मिळते. नवऱ्यानं विचारलं, सरकारी साइटवर तर जागा दिसत नाहीत. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "सर, जुनी साइट बंद पडली ना, घोटाळा झाला होता, पेपरात आलं होतं. तेव्हापासून थोडा कोटा आमच्याकडे आहे. त्यातल्याच एका ग्रुपचं कॅन्सल झालंय, त्यांचं परमिट तुमच्या नावावर करून देतो."

यातलं पहिलं अर्धं खरं आहे, म्हणून ते पटतं. २०२३ मध्ये ताडोबाचं ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या एजन्सीच्या चालकांवर सुमारे १२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा चंद्रपुरात दाखल झाला होता. त्यानंतर बुकिंग नव्या सरकारी साइटवर आलं. पण कोटा वगैरे कुणा खासगी माणसाला दिलेला नाही. खऱ्या साइटचा पत्ता 'महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन'नं संपतो. शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर पुढे शिक्के कितीही गोल असोत, ती सरकारची साइट नाही.

दोन सफारी, दोन्ही मोहर्ली गेट, पूर्ण जिप्सी, १९,००० रुपये. वीकेंडच्या दराच्या मानानं फार स्वस्तही नाही आणि फार महागही नाही, संशय येऊ नये इतका बेताचा आकडा. निम्मे आगाऊ. यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं. विचारल्यावर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत." विश्वास बसावा म्हणून त्यानं स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो पाठवला. आमच्याही आधारचे फोटो मागितले, परमिटसाठी लागतातच.

उरलेले पैसे भरल्यावर खरा डाव टाकला. "सर, रक्कम दोन तुकड्यांत आली, सिस्टीम घेत नाही. पूर्ण १९,००० एकदम पाठवा, आधीचे आपोआप रिटर्न होतील." नवरा ठाम नाही म्हणाला. आणि हा माणूस लगेच माघार घेऊन मोकळा! "काही हरकत नाही सर, मी ऑफिसातून मॅन्युअली करून घेतो." दहा मिनिटांत दोन पीडीएफ व्हॉट्सॲपवर. त्या माघारीनंच आमच्या मनातली उरलीसुरली शंका गेली. चोर असता तर अडून बसला असता, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. आता कळतं की जास्तीचे मिळाले तर मिळाले, नाहीतर आहेत ते पदरात पाडून घ्यायचे, एवढाच त्याचा हिशेब होता.

प्रवासाचं विशेष सांगण्यासारखं नाही. संभाजीनगरहून समृद्धीला लागलो, येळाकेळीला उतरलो, तिथून जाम, वरोरा करत चंद्रपूर. रस्ता सरळसोट, गाडी तापलेली, डोळ्यांवर झापड. एवढंच सांगते की समृद्धीवर टायरमधली हवा तपासूनच जा. लॉज आम्ही स्वतंत्र केलं होतं, तिथं काही अडचण आली नाही.

पहाटे अंधारात मोहर्ली गेटवर पोचलो. जिप्सींची रांग लागलेली, कुणी गमछा डोक्याला बांधलेला, चहाच्या टपरीवर गर्दी. आमच्या जिप्सीचा ड्रायव्हर कुठं दिसेना. त्याचा नंबर "सकाळी मिळेल" असं सांगितलेलं. एजंटचा फोन बंद. मग खिडकीवर जाऊन प्रिंट दाखवली. आतल्या वनरक्षकानं ती टॉर्चखाली धरली, यादीवरून बोट फिरवलं, परत प्रिंटकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मॅडम, नंबर बरोबर आहे, पण हे तुमचं नाही जी. या परमिटवाले तर त्या जिप्सीत बसून राहिले."

खरंच बसले होते. नागपूरचं सहा जणांचं कुटुंब, त्यातल्या दोन आज्या शाली गुंडाळून. त्यांची प्रिंट आणि आमची प्रिंट शेजारी धरली. परमिट क्रमांक तोच, तारीख तीच, गेट तेच. फक्त नावांच्या जागी आमची नावं, आणि ती अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक. आमच्या ओळीखाली आधीच्या एका नावाची शेपटी पुसायची राहून गेली होती, वेलांटीसारखी दिसणारी. मोबाइलच्या पडद्यावर ते कधीच लक्षात आलं नसतं. त्या कुटुंबातला मुलगा ओशाळून म्हणाला, परमिट मिळालं तेव्हा आनंदात त्याचा फोटो त्यानं वाइल्डलाइफच्या एका ग्रुपवर टाकला होता. पीडीएफ तिथूनच उचललं असेल असं म्हणता येणार नाही, पण तुम्ही तुमच्या परमिटचे फोटो कुठं टाकू नका.

वनरक्षकाला नवल वाटलं नाही. "असे येतेत लोकं. तुम्ही काहून बाहेरून बुक करता?" त्याच्या बोलण्यात चिडचिड नव्हती, उलट त्यानंच एका गाइडला हाक मारली. त्या गाइडमुळं दुपारी बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलातल्या एका गेटवर जागा मिळाली, रीतसर पैसे भरून, पावती घेऊन. गव्यांचा कळप दिसला, धूळ भरपूर खाल्ली. वाघ दिसला का, हे विचारू नका. सगळे आधी तेच विचारतात.

आता पैशांचं. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करायची, हे आम्हाला माहीत होतं. मोहर्लीत रेंज येते-जाते, तरी गेटवरूनच फोन लावला. तिकडून पैसे कुणाला, किती वाजता गेले आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक काय, हे विचारतात, तेवढं हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तपशील भरावे लागतात. तक्रार लगेच केली तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखता येते. ग्यानबाची मेख इथंच आहे. जंगल सफारीचे पैसे आपण आज भरतो आणि फसलो हे कळतं गेटवर उभं राहिल्यावर, काही आठवड्यांनी. तोवर पैसे चार खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात. लाइट बिलाच्या किंवा कुरिअरच्या नावाखाली फसवणारे तासाभरात उघडे पडतात. सफारी, चारधामचं हेलिकॉप्टर, देवस्थानाची भक्तनिवासं, यांत चोराला आयती सवड मिळते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांना अशा बनावट बुकिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. आम्ही तो फसल्यावर वाचला.

बँकेनं हात वर केले. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारा नियम तेव्हा होता, पण तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. आम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते. कागदोपत्री ते आम्ही खुशीनं दिलेले पैसे. बँकेतल्या बाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की भांडायलाही सुचेना.

मला पैशांपेक्षा जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. पोलिसांनी त्या एजंटनं पाठवलेल्या आधार कार्डाची चौकशी केली. ते त्याचं नव्हतंच. आमच्यासारख्याच, आधी फसलेल्या एका माणसाचं होतं. म्हणजे आमची आधार कार्डं आता कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर "हे बघा माझं ओळखपत्र" म्हणून फिरत असणार. तेव्हापासून आम्ही आधारचा बायोमेट्रिक लॉक करून ठेवलाय आणि कुठंही द्यायचं झालं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार देतो. सफारीचा फॉर्म भरतानाही ओळखपत्राचा क्रमांक टाइप करायचा तो फक्त सरकारी साइटवर, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही.

यानंतरही एक फोन आला. आवाज जाड, मागं वायरलेसचा खरखराट. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." नवऱ्यानं एका ठिकाणी कॉमेंटमध्ये फसवणुकीबद्दल लिहिलं होतं, आपला फोन नंबर टाकून, तिथूनच माग काढला असावा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी "पैसे मिळालेत" म्हटल्यावर माझ्या पोटात आशेनं कालवलं हे खरं. फोन कट केला, तो नंबरही तक्रारीत जोडला.

सध्या स्थिती अशी: आमच्या रकमेपैकी २,३०० रुपये दुसऱ्या टप्प्यावरच्या एका खात्यात गोठवलेले सापडले. ते खातंही भाड्यानं दिलेलं, खातेदाराला पत्ताच नाही म्हणे. ही रक्कम सोडवायला आम्हाला न्यायालयाचा आदेश आणायला सांगितलं, तो अर्ज केलाय. अर्जासोबत खात्याचं स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारलेलंच न्या. ॲपमधून काढलेली प्रिंट घेऊन गेलो होतो, आम्हाला परत पाठवलं.