झोप एकाची, खोळंबा सगळ्यांचा: ब्लॉकिंग कॉलला पर्याय निवडताना

पायथनमधला टाइम.स्लीप(५) दिसायला निरुपद्रवी. साध्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यात, तो तसा असतोही: एक थ्रेड पाच सेकंद झोपतो, बाकीचे आपलं काम करत राहतात. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएसच्या) एकाच थ्रेडवर शेकडो हलके थ्रेड, म्हणजे ग्रीनलेट किंवा कोरूटीन, चालवायला घेतले की तोच कॉल सगळ्यांना घेऊन झोपतो. ओएसच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ते शेकडो दिसतच नाहीत. त्याच्या लेखी थ्रेड एकच. सॉकेटवरचं (नेटवर्क जोडणीवरचं) रीड, कनेक्ट, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), अशा थांबवून ठेवणाऱ्या, म्हणजे ब्लॉकिंग, सगळ्या कॉलची हीच गत. म्हणून अशा लायब्ऱ्या या कॉलना आपले पर्याय देतात: डेटा आला नसेल तर कर्नलमध्ये अडकून न बसता पाळी दुसऱ्याला द्यायची, आला की पुढे सरकायचं. प्रश्न एवढाच, की हा पर्याय तुमच्या कोडमध्ये गुपचूप शिरतो की तुम्हाला हाताने लिहावा लागतो.

वाद जुनाच आहे. १९९९ साली आलेल्या जीएनयू पीटीएच या हलके थ्रेड देणाऱ्या सी लायब्ररीत दोन्ही सोयी होत्या. सॉफ्ट पद्धतीत हेडरमधले मॅक्रो तुमच्या फाइलीतल्या रीडचं पीटीएच_रीड करायचे. आधीच कंपाइल झालेल्या परक्या लायब्ररीला मात्र त्याचा पत्ताही नसायचा. हार्ड पद्धतीत पीटीएच स्वतःच रीड या नावाचं फंक्शन पुरवायची, त्यामुळे परका कोडही कवेत यायचा.

जीइव्हेंट ही ग्रीनलेट चालवणारी पायथन लायब्ररी. तिचं मंकी पॅचिंग, म्हणजे चालू प्रोग्राममधली फंक्शनं परस्पर बदलणं, ही त्या हार्ड पद्धतीचीच पायथनी बहीण. सुरुवातीला पॅच_ऑल() म्हणा, की सॉकेट, स्लीप, सिलेक्ट, थ्रेडिंग, सगळ्यांच्या जागी सहकारी, म्हणजे थांबताना पाळी सोडणाऱ्या, आवृत्त्या येतात. जुना, सरळसोट लिहिलेला मोठा कोड हाताशी असेल तर यासारखं सुख नाही. हजारो ओळींना हात न लावता काम होतं. पण ‘सुरुवातीला’ हा शब्द गांभीर्याने घ्या. आमच्या एका सर्व्हिसमध्ये मधूनच सगळ्या रिक्वेस्ट बरोब्बर पाच सेकंद थिजायच्या. डेटाबेस तपासला, नेटवर्क तपासलं, दोन दिवस गेले. शेवटी सापडली ती रिट्राय करणाऱ्या एका मदतनीस फाइलीतली पहिली ओळ: फ्रॉम टाइम इम्पोर्ट स्लीप. ही फाइल पॅच होण्याआधी इम्पोर्ट व्हायची. पॅचने टाइम मॉड्यूलमधलं स्लीप बदललं, पण या फाइलीने मूळ फंक्शन आधीच मुठीत धरलं होतं. पॅचची ओळ वर नेली आणि प्रकरण मिटलं.

दुसरी मेख सी एक्स्टेन्शनची, म्हणजे सीमध्ये लिहिलेल्या पायथन मॉड्यूलची. डेटाबेसशी बोलणारा पायएमवायएसक्यूएल शुद्ध पायथनमध्ये असल्याने पॅचखाली आपसूक सहकारी होतो. त्याच कामाचा सायकोपीजी२ खाली सी लायब्ररी वापरतो, त्यामुळे पॅच त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला वेगळा वेट कॉलबॅक, म्हणजे थांबायची वेळ आली की बोलवायचं फंक्शन, द्यावा लागतो. तो विसरलात तरी प्रोग्राम चालतो, चुकीचं काहीच दिसत नाही, फक्त प्रत्येक क्वेरीपुरते सगळे ताटकळतात. गुपचूप शिरणाऱ्या पर्यायाचा खरा त्रास हाच: तो शिरलेला नसतो तेही गुपचूपच.

पायथनसोबतच येणाऱ्या, कोरूटीन चालवणाऱ्या असिंकआयओमध्ये सगळं उघड. असिंकआयओ.स्लीप वेगळं, त्याच्या आधी अवेट हवाच, आणि अवेट लिहायचं तर आपलं फंक्शनही असिंक हवं, मग त्याला बोलावणारंही. ही लागण वरपर्यंत जाते. वेबवरून माहिती आणणारी रिक्वेस्ट्ससारखी ब्लॉक करणारी लायब्ररी सोडून असिंक लायब्ररी आणावी लागते. जुन्या कोडसाठी हा डोंगर आहे. नव्या कोडसाठी मात्र मला हाच मार्ग पटतो, कारण पाळी नेमकी कुठे बदलू शकते ते वाचतानाच दिसतं. दोन अवेटच्या मध्ये दुसरं कोरूटीन येऊन तुमचा डेटा बदलत नाही. जीइव्हेंटमध्ये एखाद्या निष्पाप दिसणाऱ्या लॉग ओळीतही पाळी बदललेली असू शकते.

तिसरा मार्ग: कॉल बदलायचाच नाही, तो ओएस थ्रेडच्या पूलमध्ये, म्हणजे तयार ठेवलेल्या थ्रेडच्या ताफ्यात, ढकलायचा. पायथन ३.९ पासून असिंकआयओ.टू_थ्रेड त्यासाठीच आहे. जीइव्हेंटचाही स्वतःचा पूल आहे, मुळात दहा थ्रेडचा. साध्या फाइलींसाठी दुसरा सोपा इलाज नाही, कारण लिनक्सवर नॉन-ब्लॉकिंगचा झेंडा साध्या फाइलीला लागूच पडत नाही आणि डेटा कुठे आला ते कळवणारं लिनक्सचं ईपोल तर ती घ्यायलाच नकार देतं. पण पूल आटतो. असिंकआयओच्या डीफॉल्ट पूलमध्ये प्रोसेसरच्या कोअरची संख्या अधिक चार इतकेच थ्रेड, फार तर ३२. आठ कोअरच्या मशीनवर बारा. तेरावा कॉल रांगेत. गंमत म्हणजे असिंकआयओचं डीएनएसही याच पुलातून जातं, त्यामुळे बारा संथ फाइली वाचत बसलात तर नवी कनेक्शनंही अडतात. संथ कामांना वेगळा एक्झिक्यूटर, म्हणजे वेगळा पूल, द्या. शिवाय टास्क रद्द केला तरी पुलात सुरू झालेला कॉल थांबत नाही, तो आपला पूर्ण होऊनच बाहेर येतो.

चोर पकडण्याची सोय दोन्हीकडे आहे. असिंकआयओचा डीबग मोड ०.१ सेकंदापेक्षा जास्त चाललेला कॉलबॅक लॉगमध्ये टाकतो, पण तो संपल्यावर. जीइव्हेंटचा मॉनिटर थ्रेड तेवढ्याच मर्यादेवर, अडकलेलं असतानाच स्टॅक, म्हणजे कोड नेमका कुठे आहे ते, छापतो. इथे जीइव्हेंट सरस. आम्ही तो आधी चालू केला असता तर ते दोन दिवस वाचले असते.

जावा २१ ने २०२३ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे आपले हलके थ्रेड, आणून ही सगळी उठाठेव रनटाइमच्याच गळ्यात घातली. तरी सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला चालवू देणाऱ्या कोडमध्ये, थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा ओएस थ्रेड धरून ठेवायचा. ते जावा २४ मध्ये सुटलं.

तर निवडताना आधी आपल्या प्रोग्राममधले ब्लॉकिंग कॉल कुणाच्या कोडमध्ये आहेत ते मोजा. बहुतेक तुमच्याच नव्या कोडमध्ये असतील तर असिंकआयओ. शुद्ध पायथनच्या जुन्या ढिगाऱ्यात असतील तर जीइव्हेंट, पॅच पहिल्या ओळीवर. सीमध्ये किंवा फाइलींवर असतील तर पूल. आणि एका वेळी पन्नासेकच कनेक्शनं असतील तर यातलं काहीच नको, साधे थ्रेड वापरा, तिथे टाइम.स्लीप(५) खुशाल लिहा.