जैसलमेरचा कमायचा, बेळगावचा पाऊस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत जैसलमेर जिल्ह्यातल्या एका कारागिराकडून मी कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचे तिथले तंतुवाद्य, विकत घेतला आणि बेळगावात, शहापुरातल्या माझ्या घरी, आज नऊ महिने झाले तो जवळजवळ रोज वाजवते आहे. घेण्यापूर्वी मराठीत या वाद्याची माहिती पुष्कळ शोधली, पण ते आपल्या दमट हवेत कसे टिकते हे सांगणारे मला काहीच मिळाले नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. तीस वर्षे व्हायोलिन शिकवीत असल्यामुळे गजाच्या वाद्यांशी माझा परिचय जुना आहे, तरी कमायच्यापुढे मला विद्यार्थिनी होऊनच बसावे लागले.

मुलगा सैन्यात आहे. त्याची बदली जैसलमेरला झाली आणि हिवाळ्याचे दोन महिने मी त्याच्याकडे राहिले. इतके दिवस हाताशी होते म्हणूनच ते शहर मला सावकाश पाहता आले. रावळ जैसलने 1156 मध्ये वसवलेला किल्ला आजही नांदता आहे. आत घरे आहेत, दुकाने आहेत, जैन मंदिरे आहेत, पहाटे दूधवाला येतो. 2013 साली राजस्थानातल्या इतर पाच किल्ल्यांबरोबर त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पिवळ्या दगडावरच्या कोरीव कामासाठी पर्यटक पटवांच्या हवेल्यांकडे धाव घेतात आणि त्या आहेतही तशाच. मला मात्र नथमलची हवेली अधिक भावली. तिचा उजवा आणि डावा भाग दोन भावांनी वेगवेगळा कोरला, असे तिथे सांगतात. दुरून दोन्ही बाजू सारख्या वाटतात. दहा मिनिटे थांबून एकेक झरोका जुळवून पाहिला तर वेल वेगळी, फूल वेगळे, हत्तीची सोंड वेगळी दिसते. मी तिथे तीन वेळा गेले.

गडीसर तलावाजवळच्या संग्रहालयात कमायचा पहिल्यांदा पाहिला, तो काचेआड होता. रुंद, गोल पोटाचा, कातडे ताणून बसवलेला, आखूड मानेचा. त्या दालनात मोरचंग, खडताल, अलगोजे आणि रावणहत्ताही मांडलेले होते. काचेतल्या वाद्याला आवाज नसतो, तेव्हा तो ऐकायचा कुठे हा प्रश्न उरला. त्याचे पहिले उत्तर मिळाले मरु महोत्सवात, आणि ते समाधानकारक नव्हते. हा महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास भरतो. आमच्या भागातली माणसे ज्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून निघतात, तीच ही पौर्णिमा. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर मंच होता, ध्वनिवर्धक मोठे होते, ढोलक आणि खडताल खणखणीत ऐकू येत होते. मागे बसलेल्या वृद्ध वादकाचा गज हलताना दिसत होता, पण त्याचा एकही सूर माझ्यापर्यंत पोचला नाही.

दुसरे उत्तर मुलाच्या सहकाऱ्यामुळे मिळाले. त्याच्या ओळखीच्या एका घरी बारसे होते आणि तिथे मांगणियार गाणार होते. मांगणियार हे मुसलमान गायक; त्यांचे यजमान बहुतांशी हिंदू, त्यातही भाटी राजपूत मुख्य. ठरलेल्या घरी जन्म, लग्न, सण अशा प्रसंगी जायचे, यजमानाच्या कुळाची स्तुती गायची आणि त्या बदल्यात धान्य, जनावर, पैसा घ्यायचा, अशी ही पिढीजात बांधणी आहे. आपल्याकडे गोंधळ्यांची घरे ठरलेली असत, त्याची आठवण झाली. लंगा गायकांची परंपरा जवळची असली तरी त्यांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान, आणि त्यांचे वाद्य सिंधी सारंगी. कमायचा मांगणियारांचा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी 1960 मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान उभारले, तिथून या गायकांचे ध्वनिमुद्रण आणि अभ्यास सुरू झाला, आणि हे संगीत पुढे देशविदेशात गेले. हमीरा गावचे साकर खान यांना 2012 मध्ये कमायच्यासाठीच पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

त्या अंगणात मी वादकापासून चार हातांवर बसले होते. गजाच्या एकाच ओढीत मुख्य तारेबरोबर शेजारच्या तारांचा षड्ज उचलला जात होता, आणि गायकाचा आवाज तार सप्तकात चढला की कमायचा खाली जमीन धरून राहायचा. व्हायोलिन गायकाच्या मागोमाग जाते, सारंगी त्याच्याशी स्पर्धाही करते. हे वाद्य गायकाच्या पायाखाली बसते. त्याच रात्री मी ते घ्यायचे ठरवले.

खरेदीबद्दल एक सावधगिरीची सूचना. किल्ल्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानात मला रंगवलेला, आरसे लावलेला कमायचा दाखवण्यात आला. त्याचे कातडे कागदाइतके पातळ होते, सगळ्या तारा पोलादी होत्या आणि खुंट्या फिरवल्या तरी धरत नव्हत्या. तो शोभेचा होता, पण दुकानदार तो वाजवण्याचा म्हणून विकत होता. खऱ्या कमायच्याचे पोट आंब्याच्या लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेले असते, त्यावर बकऱ्याचे कातडे असते, आणि मुख्य तीन तारा आतड्याच्या तातीच्या असतात. बाकीच्या पोलादी तारा धरून एकूण संख्या सतरापर्यंत जाते. गज घोड्याच्या केसांचा. असे वाद्य बनवणारे हात आता फार थोडे उरले आहेत. घराघरांतले जुने कमायचे आजोबांकडून नातवाकडे येतात आणि पुष्कळ तरुण गायक साथीला सरळ पेटी घेतात. मला ज्यांनी वाद्य दिले त्या कारागिरांनी ते विकण्यापूर्वी मला गज धरायला लावला, दोन दिवस रोज तासभर बसवून घेतले आणि मगच 22,000 रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही.

पहिले तीन महिने, म्हणजे मार्च ते जूनचा पहिला आठवडा, वाद्याने काही त्रास दिला नाही. अडचण माझ्या हाताची होती. व्हायोलिनचा गज वरून धरतात, इथे तळहात वर करून खालून धरायचा. तीस वर्षांची मनगटाची सवय मोडायला मला पुरे दोन महिने लागले. व्हायोलिनची राळ इथेही चालते, फक्त तातीला ती जास्त लागते. तातीचा सूर खर्जात घोगरा, किंचित ओला असतो. तो स्वच्छ करण्याचा प्रयत्न मी सुरुवातीला केला आणि ती चूक होती. ज्याला हा घोगरेपणा दोष वाटेल त्याने हे वाद्य घेऊ नये.

मग पाऊस आला. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे जुलैतल्या एखाद्या नेटाच्या आठवड्यात तेवढा होऊन जातो. मृगाच्या सरी सुरू झाल्यावर आठच दिवसांत कातडे सैल पडले. कातडे सैल पडले की त्यावर उभी असलेली घोडी, म्हणजे तारा टेकवणारी पट्टी, खाली बसते, तारांचा ताण उतरतो आणि आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो. तात हवेतला ओलावा शोषून फुगते आणि सकाळी मिळवलेला सूर दुपारी राहत नाही. वाळवंटात खुंट्या सुकून सुटतात म्हणून कारागिरांनी मला खडूची पूड दिली होती. इथे उलट झाले, लाकूड फुगून दोन खुंट्या इतक्या घट्ट बसल्या की हलेनात. आषाढ लागेपर्यंत कातड्याच्या कडेला पांढरी बुरशीही आली.

इथे माझ्या हातून मोठी चूक झाली. आमच्याकडे हलगीवाले वाजवण्यापूर्वी पाचटाचा जाळ करून हलगी शेकतात आणि ती टणक वाजते, हे लहानपणापासून पाहिले होते. त्याच भरवशावर मी शेगडीत निखारे केले आणि कमायच्याचे पोट वरून धरले. पाच मिनिटांत कातडे ताणले गेले, आवाज सुटला, मला आनंद झाला. आणि सहाव्या मिनिटाला कडेच्या एका खिळ्यापाशी टचकन आवाज होऊन बोटभर चीर गेली. हलगीचे कातडे कड्यावर सर्व बाजूंनी सारखे ताणलेले असते, इथे ते वाटोळ्या लाकडावर खिळ्यांनी बसवलेले असते आणि मध्ये घोडीचा दाब असतो. एका ठिकाणी ते लवकर सुकले की सगळा ताण तिथेच गोळा होतो. हे मला आधी सुचायला हवे होते.

दुरुस्ती मिरजेत होईल असे वाटले होते. सतारी आणि तंबोऱ्यांसाठी मिरज आमच्या हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथल्या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण तिथली कारागिरी भोपळ्याची आणि जवारीची, कातड्याची नव्हे. तिथून मी पोलादी तारा आणल्या आणि त्या उत्तम निघाल्या. कातड्याचे काम शेवटी बेळगावातच झाले, भजनी मंडळांच्या तबल्यांच्या पुड्या बांधणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे. त्यांनी कमायचा उभ्या जन्मात पाहिला नव्हता. उलटसुलट करून पोटावर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "हे आपल्या चौंडक्याचंच थोरलं भावंड दिसतंय की." मला ते फार पटले. सौंदत्तीच्या जोगत्यांच्या चौंडक्यातही खाली कातडे आणि मध्ये तात, आणि ती माणसे भर पावसात देवीची गाणी म्हणत फिरतात. शेगडीची हकिगत ऐकल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "बाई, कातड्याला जाळाची घाई चालत नाही. सावलीत वाळतंय तेवढंच खरं." त्यांनी बकऱ्याचे नवे कातडे भिजवून बसवले, चार दिवस घरातल्या दोरीखाली सावलीत ठेवले आणि पाचव्या दिवशी घोडी चढवली. नवे कातडे जुन्यापेक्षा किंचित जाड आहे, त्यामुळे खर्ज भरीव झाला आणि वरचे स्वर थोडे दबले. मला हा बदल मान्य आहे.

त्यानंतर मी वाद्यासाठी एक जुने लाकडी कपाट रिकामे केले आणि त्यात वर 40 वॉटचा पिवळा बल्ब लावला. हल्लीचे एलईडी दिवे उष्णता देत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही. बल्ब वाद्यापासून दोन हात लांब ठेवला आहे. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र आत टांगले आहे. बाहेर काटा नव्वदच्या घरात असतानाही कपाटात तो साठच्या आसपास राहतो आणि तेवढ्यात वाद्य सुरात राहते. वाजवून झाल्यावर तारा अर्धा सूर उतरवायच्या, कातड्यावरून कोरडे मलमल फिरवायचे, तातीला हात लावण्यापूर्वी हात पुसायचे. श्रावण आणि भाद्रपद असे निभावले. गणपतीच्या दिवसांत माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींनी त्यावर भूप वाजवून पाहिला.

जैसलमेरहून मी आणखी दोन वस्तू आणल्या होत्या. मोरचंग लोखंडाचा असल्याने जुलैत गंजला. खोबरेल तेलाचा हात देऊन तो पुसून ठेवावा लागतो. शिसवी खडतालांना मात्र काहीच झाले नाही. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे चिपळ्या वाजवणारे आजोबा ते पंधरा दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले आणि आता परत द्यायचे नाव काढत नाहीत. झांजा नसलेल्या चिपळ्या म्हणून त्यांनी ते आपलेसे केले आहेत. ज्यांना त्या शहराच्या संगीतातले काहीतरी घरी आणायचे आहे पण एवढी निगा राखणे शक्य नाही, त्यांना मी खडतालच सुचवीन.

कमायचा कोणी घ्यावा याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. एकट्याने बसून वाजवण्यासाठी तो घेऊ नका. सुरुवातीला मी एकटीच वाजवीत असे आणि वाद्य अपुरे वाटे. कार्तिकी एकादशीला मंडळाचे बुवा तुकोबांचा अभंग म्हणत होते, त्या दिवशी पेटी दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्यांनी मला कमायचा घेऊन बसायला सांगितले. बुवांची पट्टी पांढरी दोन. मी फक्त षड्ज-पंचम धरून ठेवला आणि ओळीच्या शेवटी त्यांच्या मागे दोन स्वर घेतले. पुढच्या अभंगाला त्यांनी हातानेच खूण करून मला पुढे सरकायला सांगितले. शेजारच्या कन्नड घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नंतर त्यांनी एक दासरपद, म्हणजे कन्नड भक्तिगीत, म्हटले, त्यालाही मी तसाच षड्ज धरला. कमायच्यासाठी लागणारी जागा अशीच असते: जाजम, आठ-दहा माणसे, आणि जवळ बसलेला एक गळा.

सध्या मधली तात उसवायला लागली आहे. इथे मिळणारी तात लावून पाहिली, ती पातळ पडली. मुलगा संक्रांतीच्या आधी सुट्टीवर येणार आहे. त्याने त्या कारागिरांकडून तातीच्या दोन जोड्या आणि गजासाठी केसांचा एक जुडगा आणायचे कबूल केले आहे. तोवर मी बाकीच्या दोन ताती थोड्या उतरवून वाजवते.