पेट्रोल भरलं की बंद पडते: आमची हॅचबॅक आणि तिचं सर्व्हिस सेंटर

गाडी कशी आहे ते आधी सांगतो. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे, पण ती जिवावर बेतणारी आहे. त्यापायी बाकीच्या गाडीवर अन्याय नको.

बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-६, पाच गिअर मॅन्युअल. २०२१ मध्ये कोल्हापुरातल्या अधिकृत शोरूममधून नवी घेतली. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार लेखी दिलेली आहे आणि तिचा निकाल अजून लागायचा आहे. ज्यांच्या दारात ही गाडी आहे त्यांना पुढची लक्षणं वाचून ओळख पटेल. मी स्वतः एसटीच्या विभागीय कार्यशाळेत इंजिन सेक्शनला होतो. हयात डिझेलवर गेली, पण इंजिन श्वास कसा घेतं ते पेट्रोललाही फार वेगळं नसतं.

गाडी चालवायला गोड आहे. क्लच हलका, गिअर अलगद पडतात. गगनबावड्याचा रस्ता खराब होता तेव्हाही सस्पेन्शननं कधी आवाज केला नाही. पावसात एसी काच लगेच मोकळी करतो. हायवेला अठरा-एकोणीसचं ॲव्हरेज मिळतं. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं नीट बसतात आणि डिकीत दोन पोती तांदूळ मावतो. या किमतीला एवढं मिळत असेल तर कोणीही घ्यावी, असं मी पहिली दोन वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगत होतो.

मग ते सुरू झालं. टाकी फुल करायची, पैसे द्यायचे, चावी फिरवायची. स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त फिरतो, इंजिन कसंबसं पकडतं, आरपीएमचा काटा हजारावर चढून सरळ पाचशेच्या खाली येतो, गाडी थरथरते आणि बंद. परत चावी फिरवून ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तर चालू राहते. तेव्हा मागं उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो. एखादा किलोमीटर गेलं की गाडी पहिल्यासारखी, जसं काही झालंच नाही. पाचशेचं पेट्रोल टाकलं तर काही होत नाही. सकाळी थंड इंजिनवर भरलं तरी बहुतेक वेळा होत नाही. गाडी तापलेली असताना जवळजवळ रिकामी टाकी फुल केली की हमखास.

घरातल्या माणसांनी यावर तोडगा काढला होता, भरल्यावर थोडी रेस करायची. पण तोडगा सगळीकडं चालत नाही. मुलगी नर्स आहे. रात्रपाळीला निघताना तिनं शिरोलीच्या पुढं हायवेच्या पंपावर टाकी फुल केली. गाडी चालू झाली, पंपातून बाहेर पडली आणि सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गेलं. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगची मदत गेली. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एकदोनदा दाबेपर्यंतच पुरतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. मागून ट्रक होता. त्यानं हॉर्न मारत बाजू काढली म्हणून निभावलं. तिनं डोकं शांत ठेवून हॅझर्ड लावले, आहे त्या वेगात गाडी कडेला सोडली आणि मग मला फोन केला. त्या रात्रीपासून ही किरकोळ तक्रार राहिलेली नाही.

पहिला संशय अर्थातच पेट्रोलवर. जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर एकामागून एक बंद पडल्या होत्या, डिझेलमध्ये पाणी निघालं होतं. असं होतं, त्यामुळं तपासायलाच हवं. कोणत्याही पंपावर फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे. नोजलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकायचा, दोन मिनिटांत तो डाग न ठेवता उडाला पाहिजे. मी पंप बदलून बदलून हे केलं. पेट्रोल स्वच्छ, गाडीचं दुखणं तेच. शिवाय पाणी असतं तर गाडी एका किलोमीटरनंतर बरी झाली नसती, उलट पुढं जास्त अडली असती.

सर्व्हिस सेंटरवाले आता सगळ्यावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, असं उत्तर देतात. ई-२० बद्दल माझ्याही तक्रारी आहेत, जुन्या गाड्यांच्या रबरी पार्टांची काळजी मलाही आहे. पण पेट्रोलमधल्या इथेनॉलनं हे होत असेल तर अर्ध्या टाकीलाही व्हायला हवं, भरल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतच का होतं? या प्रश्नावर समोरचा गप्प बसतो.

खरं कारण उद्यमनगरात माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये सापडलं. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत सोडायला परवानगी नाही. ती कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या एका डब्यात साठते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. कॅनिस्टरपासून इंजिनच्या इनटेकपर्यंत, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गापर्यंत, एक नळी जाते आणि तिच्यावर पर्ज व्हॉल्व्ह बसवलेला असतो. इंजिन गरम होऊन नीट चालायला लागलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनमध्ये जळून जाते. स्टार्ट करताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा. तो उघडा अडकून राहिला तर काय होईल? टाकी फुल केल्यावर वाफेचा दाब सगळ्यात जास्त असतो. चावी फिरवताच ती सगळी वाफ ईसीयूच्या हिशेबाबाहेर इनटेकमध्ये ओढली जाते. इंजेक्टर आपलं ठरलेलं पेट्रोल टाकतोच, वरून ही वाफ. मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल इतकं जास्त होतं की इंजिन गुदमरतं. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडून जास्त हवा येते, म्हणून तेवढ्यापुरतं निभतं.

तपासणी अगदी सोपी. गरम इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू, ठेवलं, व्हॉल्व्हचं कनेक्टर काढलं, कॅनिस्टरकडून येणारी नळी सोडवली आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट धरलं. करंट नसताना व्हॉल्व्ह बंद असतो, त्यामुळं बोटाला ओढ लागता कामा नये. इथं बोट चिकटून बसलं आणि आयडल लगेच बदललं. व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून पाहिला तर हवा आरपार. हलवला की आत बारीक काहीतरी वाजत होतं. कोळशाची भुकटी व्हॉल्व्ह जिथं टेकून बंद होतो तिथं अडकली असावी असं सहकाऱ्याचं मत पडलं. स्कॅनर लावल्यावर पी०४९६ हा कोड निघाला, पर्जचा प्रवाह प्रमाणापेक्षा जास्त. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा मात्र तोवर एकदाही लागला नव्हता.

इतकी माहिती हातात घेऊन मी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो, आणि माझा खरा राग इथून पुढं आहे. याआधी दोन वेळा गाडी दाखवली होती तेव्हा सल्लागार म्हणाला होता, “काका, पंप बदलून बघा.” मग म्हणाला, “काका, टाकी फुल करूच नका.” त्या दोन्ही वेळची जॉब कार्डं, म्हणजे गाडी घेताना तक्रार लिहितात ते कागद, मी घरून काढून नेली होती. त्यावर काय लिहिलं होतं? एकावर ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’. पेट्रोल भरल्यावर इंजिन बंद पडतं, हे माझं वाक्य कुठंच नव्हतं. मी समोर बसून सांगितलेलं, तो टाइप करत होता, आणि कागदावर दुसरंच. वॉरंटी चालू होती तेव्हाची ही दोन्ही कार्डं. त्यामुळं आता व्हॉल्व्ह बदलायचा तर खर्च माझा, कारण कागदोपत्री ही तक्रार वॉरंटीत झालेलीच नाही.

पार्ट आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या घरात बिल आलं. काम चांगलं केलं, हे मान्य करतो. मेकॅनिक हुशार होता, व्हॉल्व्ह बदलला, नळ्या फुंकून घेतल्या, कोड पुसला, माझ्यासमोर फुल टाकीवर गाडी चालवून दाखवली. दुखणं गेलं. जाताना तोच मेकॅनिक हळूच बोलून गेला की हा पार्ट आता स्टॉकला ठेवावा लागतो. स्टॉकला ठेवावा लागतो म्हणजे दोष किती गाड्यांना आहे हे त्यांना माहीत आहे. मग ज्यांची अजून बंद पडलेली नाही त्यांना कोण कळवणार?

याच गाडीच्या मालकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सांगली, बेळगाव, नाशिक, पुणे, पणजी, सगळीकडचे लोक आहेत. गोष्ट एकच, फक्त पंपाचं गाव बदलतं. कोणाचा फ्युएल पंप बदलून झाला, कोणाचे इंजेक्टर साफ झाले, कोणाला बॅटरी घ्यायला लावली. एकाची गाडी रेल्वे फाटकाच्या अलीकडं बंद पडली. आम्ही सगळे आता रिकॉल, म्हणजे कंपनीनं गाड्या परत बोलावून दोष दुरुस्त करून देणं, मागतोय.

ही मागणी हवेतली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. दोषामुळं चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. आणि कंपनीनं स्वतःहून दोष कळवून रिकॉल केला तर तो दंडही लागत नाही. म्हणजे प्रामाणिकपणाला कायद्यानं सवलत ठेवली आहे. तक्रारी घ्यायला परिवहन खात्याचं पोर्टल आहे, आणि मॉडेलच्या वार्षिक विक्रीच्या हिशेबात ठरावीक तक्रारी जमल्या की चौकशी लागते. तक्रारींची संख्या इतकी महत्त्वाची असताना जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहिलं जातं, याचा अर्थ आपण समजून घ्यायला हवा.

याआधी कंपन्यांनी हे केलेलं आहे. जुलै २०२० मध्ये मारुतीनं फ्युएल पंपासाठी १,३४,८८५ वॅगन-आर आणि बलेनो बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये पुन्हा १६,०४१ गाड्या, आणि तेव्हा कंपनीनं स्वतः सांगितलं की पंपाच्या मोटरमधल्या दोषानं इंजिन बंद पडू शकतं. होंडानं जून २०२० मध्ये ६५,६५१ गाड्यांचे पंप फुकट बदलले. यातल्या कोणाचा धंदा बुडाला नाही. आमच्याच दुखण्याचं उदाहरण हवं तर अमेरिकेकडं बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोर्डनं उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १५ लाख फोकस गाड्या याच पर्ज व्हॉल्व्हसाठी परत बोलावल्या. तो उघडा अडकला की टाकीत व्हॅक्यूम तयार होऊन प्लॅस्टिकची टाकी आत ओढली जायची आणि गाडी चालता चालता बंद पडायची. दुरुस्ती होईपर्यंत टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, असं मालकांना कंपनीनं कळवलं होतं. आम्हाला ‘टाकी फुल करू नका’ सांगितलं, तेही तोंडी, आणि दोष मात्र नाहीच म्हणे.

आमच्या मागण्या तीन. ज्या काळात बनलेल्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह बसवला त्या सगळ्या बोलावून तो मोफत बदलावा. ज्यांनी खिशातून पैसे भरले त्यांना ते परत मिळावेत. आणि हे चालता चालता इंजिन बंद पडण्याचं प्रकरण आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावं, ‘ग्राहक समाधान मोहीम’ वगैरे नको.

ज्यांच्याकडं ही गाडी आहे त्यांनी सर्व्हिस सेंटरला सल्लागारासमोर एवढंच वाक्य लिहायला लावा: ‘टाकी फुल केल्यानंतर गाडी स्टार्ट होताना आणि चालताना इंजिन बंद पडते.’ छापून आलेलं कार्ड वाचल्याशिवाय चावी देऊ नका. शब्द बदलले असतील तर पेनानं दुरुस्त करून सही घ्या, फोटो काढा. नाही म्हणाले तर तिथूनच कंपनीला ईमेल करा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. मग परिवहनच्या पोर्टलवर. बदललेला जुना व्हॉल्व्ह मागून घ्या, पैसे तुम्ही दिलेत म्हणजे तो तुमचा आहे. पंपावर ऑटो कट झाल्यावर ‘राउंड फिगर करू का’ म्हटलं तर नको म्हणा. गळ्यापर्यंत भरलं की कच्चं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि चांगला व्हॉल्व्हही खराब होतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी या मॉडेलची ट्रायल रिकाम्या रस्त्यावर घेऊन समाधान मानू नये. गाडी चांगली अर्धा तास फिरवा, टाकी तळाला असेल तर तुमच्या पैशानं फुल करा, तिथंच चालू करा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता आयडलवर दोन मिनिटं उभी ठेवा. काटा पाचशेच्या खाली गेला तर व्हॉल्व्ह बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या आणि पहिलं काम तेच करा.

गाडीला पाचातले चार देतो. सर्व्हिस सेंटरच्या कारागिराला चार, काउंटरला एक. कंपनीकडून माझ्या ईमेलला ‘तुमचा अभिप्राय नोंदवला आहे’ एवढंच आलंय. मी त्याला उत्तर पाठवलं आहे की अभिप्राय नव्हे, दोष म्हणून नोंदवा, आणि तसा नोंदवल्याचा क्रमांक द्या.