फिक्स्ड की व्हेरिएबल? विजेचा प्लॅन निवडताना

वीजकंपनी निवडायची मुभा असते तिथे खरा प्रश्न कंपनीचा नसतो, प्लॅनचा असतो. तारा त्याच, वहन आकारही बहुधा तोच. कंपनी बदलली म्हणून वीज जाणं कमी होत नाही. फरक पडतो तो युनिटच्या दरात आणि स्थिर आकारात. फिक्स्डमध्ये युनिटचा दर मुदतीपुरता ठरलेला असतो, व्हेरिएबलमध्ये तो बदलत राहतो. मी दोन्ही प्लॅन वापरलेत.

व्हेरिएबलमध्ये बाजारभाव उतरला की आपला दरही उतरतो. निदान उतरायला हवा; चढवताना असते तेवढी घाई उतरवताना दिसेलच असं नाही. शिवाय मुदतीचं बंधन सहसा नसतं. लवकरच घर बदलणार असाल तर हाच बरा.

मला वैताग आला तो बिलाचा. आकडा फुगला की वीज जास्त वापरली गेली की दर चढला, हे चटकन कळेना. त्यात रीडिंग अंदाजे असलं की संपलंच. महिन्याच्या मध्यात दर बदलला, तर जुन्या दराने किती युनिट आणि नव्याने किती, ही वाटणीही अंदाजानेच होते. आणि एवढ्या अंदाजांतून निघालेली रक्कम मात्र पैशापर्यंत चोख! उपाय आहे: दर बदलेल त्या दिवशी मीटरचा फोटो काढून रीडिंग आपणच कळवायचं. पण त्यासाठी दरवाढीची सूचना जाहिरातींच्या ढिगातून शोधत बसा. ही हौस काही माझ्याच्याने टिकली नाही.

फिक्स्डवर आल्यापासून बिल वाढलं की मी सरळ युनिट बघतो.

अर्थात फिक्स्डमध्ये दर ठरलेला असतो, बिल नव्हे. मधेच सोडलं तर दंड बसू शकतो, आणि मुदत संपल्यावर महागड्या दरावर जाऊन पडायला वेळ लागत नाही. ती तारीख लिहून ठेवावी. शिवाय हमी कंपनी टिकेपर्यंतच. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये गॅसचे आणि त्यामागोमाग विजेचे घाऊक भाव भडकले, अनेक छोट्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांचे स्वस्त फिक्स्ड दरही गेले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासच्या हिमवादळात घाऊक भाव युनिटला ९ डॉलरपर्यंत गेला. तो भाव थेट ग्राहकाला लावणाऱ्या प्लॅनमध्ये हजारो डॉलरची बिलं आली. साधा व्हेरिएबल इतका बेलगाम नसतो, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला बाद करू नये.

भाव शिखरावर असताना मीही कदाचित थांबेन. एरवी युनिटमागे थोडं जास्त गेलं तरी फिक्स्डच घेतो. फक्त आधी स्थिर आकार बघतो, कारण वापर कमी असलेल्या घरात स्वस्त युनिटचा फायदा तोच खाऊन टाकतो.