माला-एन की छाया? रोजच्या आणि आठवड्याच्या गोळीची तुलना

उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे पाळणा लांबवायच्या गोळ्या मागितल्या की साधारण दोन नावे पुढे येतात: माला-एन आणि छाया. दोन्ही सरकारी, दोन्ही पोटात घ्यायच्या, म्हणून "यातली कुठलीही द्या" असे सहज म्हटले जाते. पण दोन्हींतले औषध वेगळे आहे, ते शरीरात करते ते काम वेगळे आहे आणि गोळी चुकली तर करायचा उपायही वेगळा आहे. एकीचा नियम दुसरीला लावला की दिवस जातात, आणि दोष मात्र गोळीला दिला जातो.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ गोळ्यांत दोन संप्रेरके (हार्मोन) आहेत, लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या. संप्रेरकांमुळे अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू असताना पाळी येते. पैसे देऊन घ्यायची माला-डी याच जातीची.

छायामध्ये संप्रेरक नाही. तिच्यात सेंटक्रोमन, म्हणजेच ऑर्मेलॉक्सिफीन, ३० मिलिग्रॅम असते. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले आणि 'सहेली' या नावाने ते आधीपासून विकले जात होते. ही गोळी बीज बाहेर पडणे थांबवत नाही. गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यासाठी वेळेवर तयार होऊ देत नाही, हे तिचे मुख्य काम. औषध शरीरातून फार हळू बाहेर पडते, निम्मे कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणूनच ती आठवड्यातून एकदा घेतली तरी पुरते. मात्र शरीरात तिचा पुरेसा साठा व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यावी लागते.

घ्यायची कशी

माला-एन पाळीच्या पहिल्या ते पाचव्या दिवसात सुरू करावी, पहिला दिवस सर्वांत सोपा. त्यानंतर सुरू केली तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घ्यावी आणि पहिले ७ दिवस निरोध वापरावा. रोज एकाच वेळी घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. २८ वी गोळी झाली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट, पाळी संपलेली असो वा नसो.

छायाची पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो मंगळवार असेल तर दुसरी गोळी शुक्रवारी, आणि पुढे तीन महिने दर मंगळवारी व शुक्रवारी. एका पत्त्यात ८ गोळ्या असतात, म्हणजे या काळात २४ गोळ्या, तीन पत्ते लागतात. तिन्ही पत्ते सुरुवातीलाच मागून घ्या. चौथ्या महिन्यापासून फक्त मंगळवार. इथे हमखास होणारी चूक अशी की पुढची पाळी आली की बाई पुन्हा त्या दिवसापासून वार मोजू लागते, किंवा पाळीत गोळी बंद ठेवते. छायाचा पाळीशी संबंध फक्त पहिल्या गोळीपुरता. वार एकदा ठरला की ठरला.

चुकली तर

माला-एनच्या संप्रेरक असलेल्या एक किंवा दोन गोळ्या राहिल्या तर आठवेल तेव्हा एक गोळी लगेच घ्यावी आणि पुढच्या नेहमीच्या वेळी घेत राहाव्यात. एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालते, निरोधची गरज नाही. लागोपाठ तीन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच घ्यावी, पाकीट पुढे चालू ठेवावे आणि ७ दिवस निरोध वापरावा. मागच्या ५ दिवसांत संबंध आले असतील तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल विचारावे. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर संप्रेरकाच्या उरलेल्या गोळ्या संपवून लोहाच्या सातही टाकून द्याव्यात आणि लगेच नवे पाकीट सुरू करावे. लोहाची गोळी राहिली तर काही बिघडत नाही.

सर्वांत धोक्याचे म्हणजे नवे पाकीट उशिरा सुरू होणे. लोहाच्या ७ दिवसांत अंडाशय आधीच जागे होऊ लागलेले असते. त्यात आणखी तीन-चार दिवस गेले तर बीज बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो. पाकीट संपण्याआधी पुढचे घरात हवे, ते यासाठी. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी.

छायाची गोळी एक-दोन दिवस, किंवा ७ दिवसांपेक्षा कमी उशिरा लक्षात आली तर लगेच घ्यावी, आपला वार तोच ठेवावा, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. ७ दिवसांहून जास्त गेले तर नव्याने सुरुवात: पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. म्हणजे छाया क्वचित घ्यायची असली तरी तिची चूक महागात पडते. माला-एनची एक गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी सावरता येते, छायाची राहिली तर पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस निरोधवर काढावे लागतात.

हिशेबाने पाहिले तर माला-एन एकही न चुकवता घेणाऱ्या १०० जणींत वर्षभरात एकीलाही जेमतेम दिवस जातात. विसरण्यासकट धरले तर हा आकडा ७ च्या आसपास जातो. छाया नियमाने घेतली तर १०० मध्ये १ ते २. त्यामुळे जिला रात्री देवाजवळ दिवा लावल्यावर किंवा दात घासल्यावर गोळी घ्यायची सवय लावता येते, तिला आम्ही माला-एन सुचवू. जिच्या कामाची शिफ्ट बदलते किंवा जी दोन घरांत ये-जा करते, तिला छाया बरी, पण मोबाइलवर वाराचा गजर लावूनच.

कोणाला कोणती चालत नाही

माला-एन सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलाच पाहिजे. तो १४०/९० किंवा जास्त असेल तर ही गोळी नको. वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, पक्षाघात, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे झगझगाट किंवा नागमोडी रेषा दिसून उठणारी अर्धशिशी, यांतही नको. रक्तात गाठ होण्याचा धोका मुळात लहान आहे, गरोदरपणात तो याहून जास्त असतो. पण वरच्या गोष्टींनी तो खूप वाढतो. मिश्री लावत असाल तर तेही न लपवता सांगा. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिने माला-एन नको.

छाया अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, प्रसूतीनंतर लगेचही सुरू करता येते, आणि हा तिचा फार मोठा फायदा आहे. पण पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या मुलींना ती देत नाहीत. उलट त्यांची पाळी नियमित करायला माला-एनसारख्याच गोळ्या वापरतात. कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर दोन्ही नकोत. क्षयरोगातही तेच: त्यावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे माला-एनचा परिणाम कमी होतो आणि अशा दीर्घ आजारात छाया टाळतात. फिटच्या काही औषधांनीही, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, माला-एनचा परिणाम घटतो. अशा वेळी तांबीबद्दल विचारावे.

पाळीचे काय होते

माला-एनने पहिले दोन-तीन महिने मध्येच डाग पडतात, मळमळ होते, छाती दुखरी वाटते. हे बहुतेक वेळा आपोआप थांबते. याच काळात घाबरून गोळ्या सोडल्या जातात. पुढे पाळी ठरलेल्या दिवशी, कमी आणि कमी दुखणारी येते. गोळ्या नीट घेऊनही एखादी पाळी आली नाही तरी नवे पाकीट वेळेवर सुरू करावे. लागोपाठ दोन चुकल्या तर तपासणी करावी.

छायाने मळमळ, वजन यांचा त्रास जवळजवळ नाही, पण पाळी लांबते, कधी अगदी थोडी येते. तारीख टळली की जिच्या जिवाचे पाणी होते, तिला ही गोळी मानवत नाही, हे आधीच ओळखलेले बरे. पाळी १५ दिवसांपेक्षा जास्त लांबली तर लघवीची तपासणी करावी.

माला-एन चालू असताना एका पोटरीत कळ येऊन सूज, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक प्रचंड डोकेदुखी, दिसेनासे होणे किंवा पोटात असह्य दुखणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

सणासुदीचा प्रश्न

गौरी-गणपतीच्या आधी औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमच्या असतात. त्या गर्भनिरोधक नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नये. माला-एन घेणारीला त्यांची गरजच नसते. त्या महिन्यात लोहाच्या ७ गोळ्या बाजूला ठेवून २१ वी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नवे पाकीट सुरू केले की पाळी लांबते आणि संरक्षणही टिकते. छाया घेणारीला अशी सोय नाही. तिने दुकानातून परस्पर गोळ्या न आणता आधी डॉक्टरांना विचारावे, आणि काही झाले तरी छायाचा ठरलेला वार चुकवू नये.