रिमोट स्टार्ट: कंपनीचा घ्यावा, बाहेरून बसवावा की नकोच?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की हिंजवडीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी असलेली गाडी संध्याकाळपर्यंत भट्टी झालेली असते. केबिन बाहेरच्या हवेपेक्षा तासाभरात वीसेक अंशांनी जास्त तापते, डॅशबोर्ड त्याहूनही. लिफ्टमध्ये असतानाच बटण दाबून एसी चालू करता आला तर, हा विचार तिथूनच सुरू होतो. गाडीत न बसता दुरूनच इंजिन सुरू करण्याची ही सोय म्हणजे रिमोट स्टार्ट. थंड देशांत ती काचेवरचा बर्फ घालवायला वापरतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटेसुद्धा आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला निघण्याआधी अर्धा मिनिट पुरतो. म्हणजे इथे प्रश्न फक्त गार केबिनचा आहे, आणि तेवढ्यासाठी काय काय पणाला लावायचं याचा.

कंपनीकडून आलेला

ह्युंदाईचं ब्लूलिंक किंवा किया कनेक्ट यांसारखी सेवा असलेल्या वरच्या व्हेरियंटमध्ये ही सोय ॲपवरून मिळते, काही गाड्यांत चावीच्या बटणावरूनही. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे सुरू होण्याआधीच्या अटी. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्कला आहे का, दारं लॉक आहेत का, बॉनेट बंद आहे का, हे गाडीचं स्वतःचं कंट्रोल युनिट तपासतं आणि एकही अट चुकली तर इंजिन सुरूच करत नाही. ठरलेला वेळ संपला की, बहुतेक गाड्यांत दहा मिनिटांनी, ते आपोआप बंद होतं. कुठली वायर कापलेली नसते, त्यामुळे वॉरंटीचा वाद नाही.

उणिवाही आहेत. ॲपचा निरोप मोबाईल नेटवर्कवरून गाडीतल्या सिमपर्यंत जातो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या तळघरात गाडी असेल तर तो पोचतच नाही. फुकटची मुदत संपली की वर्गणी लागते. आणि केवळ या एका सोयीसाठी वरचं व्हेरियंट घेऊ नये. एअरबॅग, मागचा कॅमेरा, चांगला एसी यांच्यासाठी तसंही तेच घेणार असाल तर हे सोबत येतं, तेवढंच.

इलेक्ट्रिक गाडीचा विषय दोन वाक्यांत संपतो. इंजिन नाही, धूर नाही, चार्जरला लावलेली असताना केबिन गार केली तर रेंजही फारशी खर्च होत नाही. ॲप मुक्त हस्ताने वापरा.

बाहेरून बसवलेला

इथे थांबून नीट बघायला हवं, कारण नाना पेठेतल्या ॲक्सेसरीच्या दुकानात किंवा ऑनलाइन चार आकडी किमतीत जे किट मिळतं ते बरंच काही एकदम कबूल करतं: पुश बटण, जवळ गेलं की दार उघडणं आणि रिमोट स्टार्ट. त्याची मुख्य जोडणी इग्निशन स्विचच्या मागे होते. बॅटरीचा कायम बारा व्होल्ट, ॲक्सेसरी, इग्निशन, स्टार्टर आणि अर्थिंग यांच्या वायरी. शिवाय ब्रेकचा सिग्नल, दारांचे स्विच, पार्किंग लाइट आणि बॉनेट उघडलं की कळवणारा स्विच. स्वस्त किटसोबत बॉनेटचा स्विच बहुधा जोडलाच जात नाही. मेकॅनिक पंख्यापाशी हात घालून उभा असताना कोणी रिमोट दाबला तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे त्या एका वायरीची किंमत कळेल.

पहिला अडसर इमोबिलायझर. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. परदेशात यासाठी गाडीच्या डेटा लाईनवर बोलणारं बायपास मॉड्यूल लावतात, पण त्यांचं सॉफ्टवेअर मुख्यतः अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी असतं. स्विफ्ट, नेक्सॉन किंवा क्रेटासाठी ते सहसा मिळत नाही. मग फिटर सरळ मार्ग घेतो: तुमची दुसरी चावी उघडून तिची चिप डॅशबोर्डखाली, चिप ओळखणाऱ्या कॉइलपाशी कायमची बसवतो. या क्षणापासून इमोबिलायझर नावापुरता उरतो, कारण चिप नेहमी गाडीतच आहे. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी गाडीबरोबरच गेलेली असेल तर दावा अडकायला तेवढं पुरतं. वायरिंगमधला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर आणखी एक मुद्दा त्यांच्या हाती लागतो.

दुसरा अडसर स्टीअरिंग लॉक. साध्या चावीच्या गाडीत चावी काढली की हा लॉक यांत्रिकपणे बसतो. पुश बटण लावायचं तर एक तर चावी कायम खोबणीत अडकवून ठेवावी लागते किंवा लॉकचा खिळा काढून टाकावा लागतो. म्हणजे चोराच्या वाटेतला दुसरा अडथळाही तुम्हीच दूर केलात. फिटरला याबद्दल आधीच विचारा. उत्तर टाळलं तर गाडी परत आणा.

तिसरी आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे मॅन्युअल गिअर. बाणेर, बावधन, सूस रस्त्याच्या चढावर राहणारे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करतात, आणि ती सवय चांगलीच आहे. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून दिलेला स्विच किट रिलेने चुकवतं. अशा गाडीला रिमोट दिला की ती गिअरमध्येच पुढे उडी मारते. समोर भिंत असेल, दुसऱ्याची गाडी असेल किंवा पार्किंगमध्ये खेळणारं पोर असेल. चांगल्या किटमध्ये यावर उपाय असतो: न्यूट्रल, हँडब्रेक वर, इंजिन चालू असतानाच चावी काढायची, उतरून दारं लॉक करायची, मग किट इंजिन बंद करतं. त्यानंतर एकदाही दार उघडलं तर रिमोट स्टार्ट रद्द. रोज ही कसरत होईल का, हे स्वतःला विचारा. आणि जे किट हे करत नाही ते मॅन्युअल गाडीत बसवूच नये, कितीही स्वस्त मिळालं तरी.

बाकी दोष बसवण्याच्या पद्धतीतले. इंजिन सुरू झालं हे कळायला आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, सिग्नल हवा. तो न जोडता नुसत्या बॅटरी व्होल्टेजवर अंदाज बांधणारं किट स्टार्टर जास्त वेळ फिरवतं, मग दात खरवडल्यासारखा आवाज येतो. बॅटरी उतरलेली असेल तर उलट लवकर सोडून देतं. डिझेलला ग्लो प्लग (सुरू होण्याआधी इंजिन आतून तापवणारा भाग) तापेपर्यंत वाट पाहण्याची सोय लागते. मुख्य वायरींत तीसेक अँपिअर प्रवाह जातो, त्या सोलून, पिळून, टेप गुंडाळलेल्या असल्या तर जोड तापतो आणि एखाद्या पावसाळ्यात ऐन रस्त्यावर गाडी बंद पडते. सोल्डर, हीट श्रिंक (गरम केली की जोडावर आवळणारी नळी) आणि प्रत्येक जाड लाईनला बॅटरीच्या बाजूने फ्यूज, हे मागून घ्या. रिमोटमध्ये रोलिंग कोड, म्हणजे दरवेळी बदलणारा कोड, आहे का तेही पाहा. एकच कोड दरवेळी पाठवणारा रिमोट सहज नक्कल होतो.

एक गंमतीची अडचण अनेकांना पैसे भरल्यावर कळते. गोल फिरवायच्या नॉबचा एसी असेल तर उतरताना तो चालू ठेवला की काम होतं. काही टच पॅनेलचे एसी मात्र वीज गेली की बंद अवस्थेतच उठतात. इंजिन दहा मिनिटं चालतं आणि केबिन तशीच तापलेली. ही चाचणी फुकट आहे: एसी चालू ठेवून गाडी बंद करा, लॉक करा, वीस मिनिटांनी एसीला हात न लावता सुरू करून पाहा.

दोन्हींना लागू असलेलं

लहान पेट्रोल इंजिन एसीसह उभ्या उभ्या तासाला साधारण एक लिटर पितं. रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याला पाचेक लिटर. बीएस-६ डिझेलला हे आणखी जड, कारण उभ्याने चालवण्यात एक्झॉस्टचा फिल्टर स्वच्छ होण्याइतका तापत नाही आणि काजळी साठते.

तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये रिमोट स्टार्ट वापरू नये. थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो, कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच जास्त निघतो, आणि त्याला वास नसतो. रस्त्यावर लावलेल्या गाडीलाही नको: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालकाविना उभ्या गाडीचं इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा ती आपोआप हलणार नाही अशी तजवीज तरी असावी.

नकोच म्हणणाऱ्यांसाठी

साध्या चावीच्या मॅन्युअल गाडीला आमचा कौल हाच. पुढच्या काचेला चांदीच्या रंगाचा पडदा आतून घट्ट बसवा, स्टीअरिंग आणि डॅशबोर्ड हाताला झेपेल इतपत राहतात. गाडीत बसल्यावर चारही काचा खाली, पंखा पूर्ण, एसी बाहेरच्या हवेवर, आणि पहिलं मिनिटभर गाडी तशीच चालवा. तापलेली हवा निघून गेली की काचा वर करून आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा. काळी फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालापासून तिच्यावर दंड होतो.

ऑटोमॅटिक गाडी आहे, वर सांगितलेलं सगळं पटवून देणारा फिटर सापडला आहे आणि तरीही किट बसवायचंच आहे, तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर तीन गोष्टी करून घ्या. हँडब्रेक वर, गिअर ड्राइव्हला आणि पाय ब्रेकवर तयार पण ब्रेक न दाबता ठेवून रिमोट दाबा, स्टार्टर हलताही कामा नये. रिमोटने चालू असताना बॉनेट उघडा, इंजिन लगेच बंद पडायला हवं. मग गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह लाईनमध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावा. आकडा पन्नास मिलीअँपिअरच्या आत हवा. शंभर दिसला तर दिवसाला जवळपास अडीच अँपिअर-तास जातात, आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी आठवडाभराच्या सुट्टीत निम्मी रिकामी होते.